निळ्या शाईतली ओळ

रत्नागिरी
१६ सप्टेंबर २००१

मथुरा,

गणपती येऊन गेले. तू आली नाहीस. दापोलीहून इथे यायला एसटीने पाच तास लागतात. तुझी आई तीन दिवस दापोलीच्या प्रत्येक गाडीच्या वेळेला अंगणात जाऊन उभी राहत होती. पाहुण्यांना मी सांगितलं, तिचं कॉलेज नुकतंच सुरू झालंय, सुट्टी मिळाली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणालाही ते खरं वाटलं नाही.

वसतिगृहावर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कुणी तरी म्हणालं, मथुरा बाहेर गेलीय. दुसऱ्या वेळी मागून तुझा आवाज ऐकू आला. म्हणून पत्र लिहितो. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं.

बारावीला गणितात शंभरापैकी सत्त्याण्णव मिळवून तू शेतकी कॉलेजात गेलीस. इंजिनियरिंगचा फॉर्म मी रांगेत उभा राहून आणला होता. तो तसाच कोरा राहिला. ‘गणित कमीत कमी असेल तिथे जायचंय,’ असं तू आईला म्हणालीस, मला नाही. हे शिक्षा करणं आहे, हे मला कळतं. कशाची, तेही कळतं. म्हणून एकदाच लिहितो. पुन्हा हा विषय नको.

जानेवारी नव्व्याण्णव. दहावीची पूर्वपरीक्षा, भूमितीचा पेपर. बाकं कमी पडली म्हणून एका बाकावर दोघी बसवल्या होत्या: तू आणि तुझी ती मैत्रीण, राजिवड्याच्या मच्छीमार वस्तीतली रझिया होडेकर. पाचव्या प्रश्नात एक नित्यसमानता सिद्ध करायची होती. टॅन थीटा अधिक सेक थीटा वजा एक, याला भागिले टॅन थीटा वजा सेक थीटा अधिक एक. हे सगळं मिळून एक अधिक साइन थीटा भागिले कॉस थीटा एवढंच होतं, हे दाखवायचं. वर्गाने ती मी शिकवल्याप्रमाणे केली. वरच्या एकाच्या जागी सेक वर्ग वजा टॅन वर्ग लिहायचं, अवयव पाडायचे, सामाईक काढायचं. पाऊण पान जातं. फक्त तुम्ही दोघींनी वेगळी केली. सेक अधिक टॅन यालाच क्ष म्हणायचं. मग सेक वजा टॅन म्हणजे एक भागिले क्ष, कारण दोघांचा गुणाकार एक. चार ओळींत उत्तर. दोन्ही पेपरांत त्याच चार ओळी.

असे दोन पेपर समोर आले तर शिक्षकाने काय करायचं असतं? मी मुख्याध्यापकांना दाखवले. त्यांनी दोघींना बोलावलं. पुस्तकात नसलेली पद्धत राजिवड्याच्या पोरीला कुठून सुचणार, शिवगण सरांच्या मुलीला ती घरी मिळाली असणार, असं तेच म्हणाले. मी म्हणालो, हो, मी घरी शिकवली होती. तू तिथेच होतीस. खाली बघत उभी होतीस. ‘नाही’ म्हणाली नाहीस. एवढं लक्षात असू दे.

रझियाला फक्त माफीपत्रावर सही करायची होती. तेवढ्यावर मिटत होतं. तिने केली नाही. म्हणाली, “सर, खडू द्या. आत्ता फळ्यावर मांडून दाखवते.” पण शिस्त म्हणून काही असते. माफीपत्र नाही तर बोर्डाचं हॉलतिकीट नाही, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. तिचा बाप फारुक तेव्हा कुवेतला होता. चाचा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, तिचा हात धरला आणि म्हणाला, “चल गो घरी. नको आपल्याला यांची दहावी.” आता चाचाने तिला नेली, त्यात माझा काय दोष?

तुला मार्चमध्ये गणितात दीडशेपैकी एकशे शेहेचाळीस मिळाले. पेढे तूही खाल्लेस.

दिवाळीला ये. आशीर्वाद वर लिहिला नाही, खालीही लिहीत नाही. तो हवा असेल तर समोर येऊन घे.

काशीराम शिवगण


रत्नागिरी
१० जुलै २००५

मथुरा,

चार वर्षांत तू घरी तीनदा आलीस, तिन्ही वेळा मी शाळेत असताना. आता एम.एस्सी.ला अकोल्याला जातेयस. तुझ्या आईला तू हे फोनवर सांगितलंस, शेजारच्या आनंदीबाईंच्या घरी. त्यामुळे आनंदीबाईंना आधी कळलं, मग आईला आणि शेवटी मला. आनंदीबाईंनी माझं अभिनंदन केलं. मी घेतलं.

तुला एक बातमी द्यायची आहे. रझिया होडेकर बी.एस्सी. झाली. गणित घेऊन, कॉलेजात पहिली. दहावीचं ते वर्ष गेल्यावर ती एका मच्छी कंपनीत कोळंबी सोलायला जात होती, बर्फाच्या पाण्यात हात घालून. पुढच्या मार्चला बाहेरून दहावीला बसली. मग बारावी, मग हे. आता बी.एड. करतेय म्हणतात.

परवा ती मला स्टँडवर भेटली. मी लांज्याच्या गाडीला उभा होतो. ती स्वतःहून जवळ आली. “सलाम सर. बरे आहात?” जणू काही झालंच नव्हतं. मग म्हणाली, “मथुराला अकोल्याला मिळालं ना? छान झालं.” तिला कसं कळलं कुणास ठाऊक. राजिवड्याला सगळ्यांच्या बातम्या असतात.

मी गाडीत बसून हिशेब मांडला. तिचं काय गेलं? एक वर्ष. एकच. वर्ष वाया गेलेली मुलं मी दर जूनला बघतो. ती मरत नाहीत. आणि माझं काय गेलं? एकुलती एक मुलगी. तर मग जास्त कोण भरतंय, हे तूच सांग.

आता एक गोष्ट लिहितो. मागच्या पत्रात ती मी टाळली होती. मुख्याध्यापकांनी बोलावलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी मागच्या दारी पाय धूत होतो. तू तांब्या धरून उभी होतीस. म्हणालीस, “बाबा, ते माझं नाही. मी तिचं बघून लिहिलं. तिला माहीतसुद्धा नाही.” मी म्हणालो, “गप्प. आईला ऐकू जाईल.” तू पुन्हा तोंड उघडलंस. तेव्हा मी तांब्या तुझ्या हातातून घेतला आणि म्हणालो, “उद्या तू एक शब्द बोललीस तर मला त्या शाळेत पाऊल टाकता येणार नाही.”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तूही नसशील सांगितलं.

बापाने पोरीला सांभाळलं. तू ज्या कॉलेजात शिकलीस तिथल्या कुणालाही विचार, याला गुन्हा म्हणतात का.

अकोल्यात ऊन फार. जपून राहा.

काशीराम


रत्नागिरी
२४ मे २००७

मथू,

पुढच्या गुरुवारी मी निवृत्त होतो. माझ्या जागेसाठी सोमवारी मुलाखती झाल्या. विषयाचा जाणकार म्हणून मलाही बसवलं होतं. तिघे उमेदवार होते. तिसरं नाव रझिया फारुक होडेकर.

ती आली, बसली. तिचे गुण इतर दोघांपेक्षा वरचे होते. वर्गात घेतलेला नमुना पाठही चांगला झाला होता, हे पर्यवेक्षकांनी सांगितलं. संस्थेचे अध्यक्ष खूश होते. मग आमच्या कार्यालयातल्या बाबूने जुनी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. ‘दहावी पूर्वपरीक्षा १९९९, गैरप्रकार. विद्यार्थिनीने माफीपत्र देण्यास नकार दिला.’ अध्यक्षांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “शिवगण सर, हे तुमच्याच वेळचं दिसतंय. काय झालं होतं? तुम्ही सांगाल तसं.”

रझिया माझ्याकडे वळून बसली. नुसती बघत राहिली.

माझ्यापुढे पाण्याचा ग्लास होता. तो मी उचलला, प्यायलो, खाली ठेवला. आणि म्हणालो, “जुनी गोष्ट आहे. मला नीटसं आठवत नाही.”

जागा लांज्याच्या एका मुलाला मिळाली. मुलगा बरा आहे.

मला नीटसं आठवत नाही! मला किती आठवतं ते आता तुला लिहितो. वाचवेल तेवढं वाच.

त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत रझिया खडू मागत होती, तेव्हा तिला अडकवायला म्हणून मी एक प्रश्न टाकला होता. “तू वरखालचं क्ष वजा एक छाटलंस. ते शून्य असेल तर?” मला वाटलं, ती गडबडेल. ती लगेच म्हणाली, “सर, तसं फक्त थीटा शून्य असताना होईल. पण तेव्हा तर दिलेल्या प्रश्नातच वर शून्य, खाली शून्य. मग सिद्ध करायला उरतंच काय?” मथू, ज्याने नुसतं बघून लिहिलंय त्याला हे बोलता येत नाही. बावीस वर्षं शिकवताना मला हे एकाही मुलाने सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापक इतिहास शिकवायचे. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना फक्त तिचा आवाज चढलेला ऐकू आला. त्या खोलीत ते कळलेला माणूस एकच होता. आणि तो म्हणाला, “सरांना उलट उत्तर देतेस?”

माफीपत्राची अट त्यानंतर पुढे आली. आधी नाही.

आणखी एक. हे तुला माहीत आहे, पण मी कधी कबूल केलं नाही. तुझ्या पेपरात पहिली ओळच नव्हती. तू घाईत तिची दुसरी, तिसरी, चौथी उतरवलीस. एकदम ‘क्ष वजा एक’ पासून सुरुवात. क्ष कोण, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन पेपर शेजारी ठेवले असते तर चौथीतल्या पोरालाही कळलं असतं कुणी कुणाचं पाहिलं. डब्याच्या सुट्टीत शिक्षकखोली रिकामी झाली. मी लाल पेन बाजूला ठेवलं, खिशातलं निळं काढलं आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: समजा, सेक थीटा अधिक टॅन थीटा बरोबर क्ष. तुझ्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न केला. तुझ्या थीटाच्या पोटातली रेघ आडवी सरळ असते. माझी तिरकी गेली.

पेपर बघून परत द्यायला वाटले तेव्हा तू ते पान बराच वेळ बघत होतीस. मग माझ्याकडे बघितलंस. मी दुसऱ्या मुलाचं नाव पुकारलं. त्या दिवसापासून तू मला एकही उदाहरण विचारायला आली नाहीस.

तुझ्या आईला कालपर्यंत यातलं काही माहीत नव्हतं. काल दुपारी मी तिला सांगितलं. ती भात वाढत होती. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं, पाणी ठेवलं, आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. जेवली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “म्हणून येत नाय होय ती.”

बाबा


रत्नागिरी
१९ जून २००७

मथू,

निरोपाचा समारंभ झाला. शाल दिली, भाषणं झाली. एक जण म्हणाला, शिवगण सरांच्या हातून एकाही विद्यार्थ्यावर अन्याय झाला नाही. टाळ्या पडल्या. मी हात जोडून उभा होतो.

मग आठ दिवस बसून मी संस्थेच्या अध्यक्षांना एक निवेदन लिहिलं. आधी तुझं नाव वगळून लिहून पाहिलं. जमेना. तू वगळलीस की मी खोटं का बोललो, तेच कळत नाही. शेवटी जसं घडलं तसं लिहिलं. अध्यक्षांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि माझ्याच हातात दिलं. “सर, जागा भरली. आता याचं मी काय करू? शाळेचं नाव जाईल, तुमचं जाईल, मुलीचं जाईल. घरी जा, आराम करा.”

तो कागद घेऊन मी राजिवड्याला गेलो.

फारुक ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. आता तो कुवेतहून कायमचा परत आलाय. मला बघून उठला नाही. “आत आहे,” एवढंच म्हणाला. आत जमिनीवर बारा-तेरा मुलं-मुली वह्या घेऊन बसलेली. रझिया त्यांच्यात खाली बसून एकीची वही तपासत होती. मला बघून उठली. “पुढचं सोडवा,” म्हणून मुलांना सांगितलं आणि मला मागच्या पडवीत नेलं. तिची आई डोकावून गेली. “मास्तर, चाय घेणार?” मी नको म्हटलं.

रझियाने निवेदन वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पेपर तपासतात तसं, ओळीखाली बोट धरून.

“तारीख घातली नाही, सर.”

मी खिशातून पेन काढलं. ती म्हणाली, “थांबा.” आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि एक कागद आणून माझ्या हातात दिला. वहीचं फाडलेलं पान. अक्षर तुझं.

त्यावर तारीख होती. ४ जून २०००. ‘रझिया, मी तुझं बघून लिहिलं. पहिली ओळ माझी नाही, ती बाबांनी नंतर घातली. मला मुख्याध्यापकांसमोर बोलायची हिंमत झाली नाही. हा कागद तू कुणालाही दाखव. माझं काय व्हायचं ते होऊ दे.’ खाली पूर्ण नाव आणि सही.

सात वर्षं तो कागद त्या घरात आहे. आणि मी तुला लिहीत होतो, की तू कुणाला सांगितलं नसशील.

“मुलाखतीच्या दिवशी हा माझ्या पर्समध्ये होता,” रझिया म्हणाली.

“मग दाखवला का नाहीस?”

“तुम्ही होतात ना तिथे.”

तीच पुढे म्हणाली, “अध्यक्षांनी तुम्हाला विचारलं, तेव्हा मला वाटलं, आता सर बोलतील. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही पाणी प्यायलात. त्यानंतर हा काढला असता, तर तुम्ही म्हणाला असतात, मुलगी बापावर रागावलीय म्हणून काहीबाही लिहून दिलंय. म्हणाला असतात की नाही?”

म्हणालो असतो. त्या खुर्चीत बसून मी तेही म्हणालो असतो. मी मान हलवली.

“आणि आधी दाखवायचा नव्हता. ती दापोलीला शिकत होती. तिचं कशाला मोडायचं?” मग म्हणाली, “एक विचारू सर? मथुराचे त्या प्रश्नाचे चार मार्क गेले असते. एवढंच ना? पूर्वपरीक्षेचे मार्क, बोर्डात धरतसुद्धा नाहीत. तेवढ्यासाठी?”

आतून कुणी तरी “मॅडम, झालं” असं ओरडलं. ती म्हणाली, “जा तुम्ही, सर. पोरं थांबलीत.” रागाने नाही म्हणाली. राग असता तर मला बसता आलं असतं.

तिला न दिलेलं उत्तर तुला देतो.

ते तुझ्या चार मार्कांसाठी नव्हतं. ती नित्यसमानता मी तोवर बावीस वर्षं एकाच वाटेने शिकवत आलो होतो. गाइडांत तीच वाट, माझ्या वहीत तीच. त्या दिवशी पेपर तपासताना रझियाचा आधी हातात आला. मी तिच्या चार ओळी वाचल्या आणि क्षणभर मला इतका आनंद झाला, की शेजारी बसलेल्या शिक्षकाला दाखवायला मी पान उचललंसुद्धा. मग खाली ठेवलं. आमच्या गावातून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. जिल्ह्यात गणिताचे शिवगण सर म्हणून लोक ओळखतात. आणि कोळंबीच्या वासाच्या घरातून येणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरीला जे दिसलं, ते मला बावीस वर्षांत दिसलं नव्हतं. मी असाच विचार केला, याच शब्दांत. लांज्याच्या शाळेत एक मास्तर मला म्हणायचे, कुणब्याच्या पोराला एवढं येतं तर ते कुणाचं तरी बघून. मी तेव्हा रडत घरी गेलो होतो. तरीही असाच विचार केला.

तुझा पेपर त्यानंतर हाती आला. तो आला नसता तर मी तिचे दोन मार्क कापून ‘पद्धत वर्गात शिकवलेली नाही’ असं लिहून मोकळा झालो असतो. तुझा पेपर म्हणजे मला मिळालेलं निमित्त. तुला वाचवलं, असं मी तुझ्यावर आठ वर्षं लादलं. मी तुला वाचवलं नाही, वापरलं.

दोन्ही पेपर माझ्याकडे आहेत. तुझा जाळायचा म्हणून घरी आणला होता. तिचा का आणला, माहीत नाही. दोन्ही तसेच राहिले. आज त्यांच्या प्रती आणि ते निवेदन मी शिक्षण खात्याला पाठवलं, तारीख घालून. त्यात तुझं नाव आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू उत्तर दिलं नसतंस, असं म्हणणार होतो. पण खरं म्हणजे विचारायची सवयच नाही मला.

तुला बोलावणं येईल. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. आलीस तर मला सोडवण्यासाठी एक अक्षर बोलू नकोस.

बाबा


रत्नागिरी
९ सप्टेंबर २००७

मथू,

तू ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी आलीस. आईला आदल्या दिवशी फोन करून सांगितलंस, की घरी यायला वेळ होणार नाही. तिने तुझ्यासाठी घावणे करून माझ्याबरोबर दिले होते. डबा माझ्या पिशवीतच राहिला. तो बाहेर काढायचा कधी, ते मला कळलं नाही.

वरून पत्र आलं म्हणून संस्थेला चौकशी समिती बसवावी लागली. तिघे जण होते, तू पाहिलेसच. मला एका बाजूला खुर्ची दिली. समोरच्या बाकावर तू आणि रझिया. सहा वर्षांनी मी तुला पाहत होतो. तू बारीक झाली आहेस, आणि केस कापलेस. माझ्या शेजारून गेलीस तेव्हा मी उठायला गेलो. तू पुढे जाऊन बसलीस.

त्यांनी तुझ्यापुढे तुझा पेपर ठेवला. विचारलं, “हे अक्षर तुमचं?”

तू म्हणालीस, “खालच्या तीन ओळी माझ्या. रझियाचं बघून लिहिलेल्या. वरची ओळ माझी नाही.”

“मग कुणाची?”

“त्यांची.” तू माझ्याकडे बोट केलं नाहीस. नुसतं ‘त्यांची’ म्हणालीस. बाबांची म्हणाली नाहीस.

समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, “मान्य?”

मी म्हणालो, “मान्य.”

मग त्यांनी रझियाला विचारलं, काही सांगायचंय का. ती म्हणाली, “नोंदवहीतली ती ओळ खोडा आणि खोडल्याचं मला लेखी द्या. बाकी काही नको.” आठ वर्षांचं काम अर्ध्या तासात झालं. चहा आला. तुम्ही दोघींनी घेतला नाही.

काल निर्णयाचं पत्र आलं. रझियाची नोंद रद्द. माझ्या नावापुढे ताशेरा. माझ्या निरोपाच्या वेळी भिंतीवर लावलेला फोटो त्यांनी उतरवला, असं बाबू सांगून गेला. नोकरी तिला मिळाली नाही. जागा भरलेली आहे आणि लांज्याच्या त्या मुलाचा काही अपराध नाही. पुढे जागा निघेल तेव्हा अर्ज करा, असं तिला लिहिलंय. ती करेल असं मला वाटत नाही. तिच्याकडे आता चाळीस मुलं येतात. आमच्या शाळेतली निम्मी तिथेच असतात.

आनंदीबाई आता बोलत नाहीत. तुझी आई बोलते, कामापुरतं. तू तिला अकोल्याला बोलावलंयस. ती दसऱ्यानंतर जाईल, आणि किती दिवस राहणार, ते तिने सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. चौकशी झाल्यावर मी तुमच्या मागोमाग स्टँडवर आलो होतो. डबा द्यावा, एवढंच मनात होतं. तुम्ही दोघी पुण्याच्या गाडीच्या फलाटावर एका बाकावर बसला होतात. मधे कागदाचा पुडा होता, त्यातलं काही तरी खात होतात. रझिया हातवारे करून काही सांगत होती आणि तू हसत होतीस. पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे पुसत हसत होतीस. एवढी हसताना मी तुला दहावीच्या आधी पाहिलं होतं.

मी पेपरच्या स्टॉलमागे उभा राहिलो. गाडी लागायला अजून वीस मिनिटं होती. वीस पावलं चालून मला तुमच्यापर्यंत येता आलं असतं.

आलो नाही. मला बघून तू हसायची थांबली असतीस.

बाबा